दातांतली फट बुजवण्याआधी

आमच्या दुकानात ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका आता मापं देता देता माझ्या दातांकडे बघतात आणि विचारतात, "किती दिवस लागले? दुखतं का? माझ्याही पुढच्या दोन दातांत फट आहे, बुजेल का?" प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. मी डॉक्टर नाही. मिरजेत शिवणकामाचं दुकान चालवते. पण गेल्या काही वर्षांत आमच्या एकाच घरात तीन तोंडांतल्या फटी बघितल्या. तिन्ही दिसायला सारख्या, कारणं मात्र पार निराळी. म्हणून कोणी "फट बुजवून देतो" म्हणालं की मी आधी विचारते, ती पडली कशामुळे ते बघितलंय का?

सुरुवात माझ्यापासून करते. वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधोमध फट मला बारा-तेरा वर्षांची असल्यापासून आहे. आमच्या अण्णांनाही तशीच होती. आजी म्हणायची, फटीच्या दातांची मुलगी नशीबवान असते, घरात पैसा येतो. तिच्या त्या बोलण्यामुळे लहानपणी मला फटीचं कधी वाईट वाटलं नाही. आणि आजही मी म्हणेन, हिरड्या निरोगी असतील, घास नीट चावता येत असेल आणि आपल्याला आपलं हसू आवडत असेल, तर फट आहे तशी ठेवायला काहीच हरकत नाही. माझं मन पुढे बदललं, कारण त्या फटीत अन्न अडकून मधली हिरडी सारखी सुजायला लागली. शिवाय "स" आणि "श" म्हणताना हवा सुटायची. फोनवर गिऱ्हाइकाला "शनिवारी" सांगितलं की ते दोनदा विचारायचे.

पहिल्यांदा जिथे दाखवलं, तिथे दहा मिनिटांत निकाल लागला. दोन्ही दात घासून त्यांवर कॅप बसवू, आठवड्यात फट गायब. ऐकायला बरं वाटलं, पण माझा धंदाच मापाचा. घरी येऊन हिशेब मांडला. फट ३ मिलिमीटर. ती दोन दातांत वाटली तर प्रत्येक दात दीड मिलिमीटरने रुंद होणार. पुढचा दात मुळात साधारण साडेआठ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा लांब असतो. म्हणजे कॅप बसल्यावर तो दहा बाय साडेदहा, जवळपास चौकोनीच दिसणार. आणि त्यासाठी दोन धडधाकट दातांचं वरचं कवच घासून काढायचं, जे पुन्हा कधी उगवत नाही. मी गेले नाही.

मग डेंटल कॉलेजच्या ऑर्थोडोंटिक्स, म्हणजे वाकडे-विरळ दात जागेवर आणणाऱ्या विभागात गेले. तिथल्या मॅडमनी पहिल्या भेटीत दातांना हात लावण्याआधी कितीतरी प्रश्न विचारले. लहानपणी अंगठा चोखायची सवय होती का, किती वर्षांपर्यंत? घरात आणखी कुणाला फट आहे का? एखादी दाढ काढली आहे का? फट पूर्वीपासून तेवढीच आहे की वाढतेय? हा शेवटचा प्रश्न तेव्हा मला साधा वाटला होता, पुढे आमच्या घरात तोच फार महत्त्वाचा ठरला. मग त्यांनी पाण्याचा घोट गिळायला सांगितला आणि ओठ हलकेच बाजूला करून जीभ कुठे जाते ते बघितलं. गिळताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकायला हवं. काहींची जीभ दर वेळी पुढच्या दातांवर ढकलते. गिळणं दिवसभर चालू असतं, त्यात जीभ एरवीही तिथेच टेकलेली राहते, आणि हा हलका पण सततचा दाब दातांना पुढे सारून विरळ करतो. अशा माणसाची सवय न मोडता नुसत्या तारा लावल्या, तर तारा काढल्यावर फट परत येते.

त्यानंतर त्यांनी माझा वरचा ओठ वर ओढून धरला. ओठाच्या आतून हिरडीपर्यंत एक मऊ पट्टी येते, जीभ फिरवली की आपल्यालाही लागते. ती पट्टी जाड असून थेट दोन दातांच्या मधून टाळूकडे गेली असेल, तर ओठ ओढताच दातांमधली हिरडी पांढरी पडते. माझी पडली नाही. पडली असती तर ती पट्टी छोट्या शस्त्रक्रियेने काढावी लागली असती, पण बहुतेक वेळा दात जवळ आणल्यावर, आधी नाही. आधी कापली तर तिथे जो व्रण धरतो, तोच दात जवळ यायला आडवा येतो. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आमच्या ओळखीच्या एकाने मुलाची पट्टी आधीच कापून घेतली होती आणि फट तशीच होती.

माझं खरं कारण सापडलं ते प्लॅस्टरच्या साच्यात. मॅडमनी कॅलिपर घेऊन वरचे पुढचे सहा दात एकेक करून मोजले. मधल्या दोन दातांच्या शेजारचे दोन दात साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतात. माझे पाच-पाच होते, टोकाकडे निमुळते, खुंटीसारखे. दोन्हीकडे दीड-दीड कमी, म्हणजे एकूण तीन मिलिमीटर कापड कमी पडलं होतं, आणि ती सगळी मोकळी जागा मधोमध येऊन बसली होती. वेन बोल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ साली वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीचं प्रमाण मांडलं. खालचे पुढचे सहा दात मिळून वरच्या सहांच्या सुमारे ७७.२ टक्के भरले, की दोन्ही ओळी एकमेकींवर नीट बसतात. माझी वरची बेरीज ४२ मिलिमीटर आणि खालची साडेचौतीस, म्हणजे ८२ टक्क्यांच्या वर. असे बारीक दात बऱ्याचदा घराण्यातून येतात. अण्णांचा जुना फोटो मोठा करून बघितला, त्यांचेही दोन दात तसेच निमुळते.

नुसते दात मागे ओढून फट बुजवली असती, तर वरचे दात खालच्यांवर आदळले असते. म्हणून ठरलं असं: मधली फट बंद करायची, ती जागा दोन्हीकडे त्या बारीक दातांच्या शेजारी न्यायची, आणि शेवटी त्या दातांना दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट लावून त्यांचं माप पूर्ण करायचं. एकही चांगला दात घासायचा नाही. मला हे इतकं पटलं की त्याच दिवशी होकार दिला. पारदर्शक अलाइनरचा पर्यायही होता. त्या पट्ट्या जेवताना आणि दात घासताना काढायच्या, बाकी दिवसाचे २०-२२ तास तोंडात ठेवायच्या. माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या आणि गप्पा, म्हणून मी चिकटवलेल्या धातूच्या तारा निवडल्या. तशीही टाचण्या तोंडात धरायची आणि दोरा दातांनी तोडायची सवय मॅडमनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावली. तिथून माझ्या गळ्यात छोटी कात्री आली.

दात सरकतो कसा, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती फार पातळ, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा तंतूंचा थर असतो. तारेचा दाब ज्या बाजूला पडतो, तिथल्या पेशी हाड विरघळवतात. दुसऱ्या बाजूला ताण पडतो, तिथे नवं हाड तयार होतं. दात असा हाडातून वाट काढत महिन्याला साधारण एक मिलिमीटर जातो. जोर जास्त लावला की काम लवकर होईल असं वाटतं, पण तसं नसतं. दोरा जास्त ओढला की कापडाला चुण्या पडतात, शिवण काही लवकर होत नाही. जास्त जोराने तिथला रक्तपुरवठाच दबतो, दात अडून राहतो आणि मुळाचं टोक झिजण्याची भीती असते.

सुरुवातीला ०.०१४ इंचाची निकेल-टायटॅनियमची गोल तार होती. वाकवली तरी आपल्या मूळ आकाराकडे परत जाते, आणि जाता जाता दातांना सोबत नेते. दर महिन्या-दीड महिन्याने तार बदलत चौकोनी जाड स्टीलच्या तारेपर्यंत पोहोचलो, तेव्हा कुठे फट बंद करायची रबरी साखळी लागली. तिला पॉवर चेन म्हणतात. मी घाई केली होती, साखळी आधीच लावा ना. मॅडम म्हणाल्या, पातळ गोल तारेवर ओढलं तर दातांची डोकी एकमेकांकडे झुकतील आणि मुळं लांबच राहतील. आरशात फट बुजलेली दिसेल, पण तशी बुजवलेली टिकत नाही. चौकोनी तार ब्रॅकेटच्या, म्हणजे दातावर चिकटवलेल्या छोट्या चकतीच्या, चौकोनी खाचेत घट्ट बसते, म्हणून दात मुळासकट सरकतो.

दुखतं का? तार बदलली की दोन-तीन दिवस ठणकतं. भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. भडंग, चिक्की, ऊस, भाजलेले शेंगदाणे सगळं बंद. आमच्या सांगलीकडच्या माणसाला भडंग सोडायला लागणं काय असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. गालाला ब्रॅकेट घासलं की त्यावर मेणाची गोळी दाबायची. प्रत्येक जेवणानंतर तारेखालून बारीक ब्रश फिरवायचा, यात मात्र सूट नाही. ब्रॅकेटभोवती कीटण साचलं की तिथे पांढरे डाग पडतात, आणि तारा निघाल्यावर ते कायमचे दिसतात.

दीड वर्षाच्या वर काम चाललं. तारा निघाल्यावर त्या दोन बारीक दातांवर थरावर थर कॉम्पोझिट चढवून निळ्या दिव्याने कडक केलं, पॉलिश केलं. हे कायमचं नसतं. चहाने त्यावर डाग पडतात, कोपरा उडू शकतो, काही वर्षांनी परत करावं लागतं. पण त्याच्या आतला मूळ दात शाबूत आहे, म्हणून परत करता येतं.

आणि रिटेनर, म्हणजे सरकवलेले दात नव्या जागी धरून ठेवणारी तार किंवा पट्टी. याबद्दल लोक विचारतच नाहीत, म्हणून मीच सांगते. मधली फट परत उघडायला फार उत्सुक असते. हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागी बसायला वर्षभर लागतं, तोवर ते दातांना जुन्या जागी ओढत राहतात. माझ्या वरच्या दातांच्या मागे बारीक पीळदार तार कायमची चिकटवलेली आहे, बाहेरून दिसत नाही. रात्री पारदर्शक पट्टी घालते. मागच्या तारेचा एखादा टाका सुटला की जिभेला लगेच लागतं. तसं झालं तर त्याच आठवड्यात जाऊन चिकटवून घ्यायचं. खर्चाचं म्हणाल, तर आमच्याकडे खासगी दवाखान्यांत मला तीस हजारांच्या पुढचे आकडे सांगितले होते, कॉलेजमध्ये बरंच कमी लागलं. तिथे वेळ जास्त जातो, विद्यार्थी डॉक्टर काम करतात, पण प्रत्येक पायरी त्यांचे शिक्षक तपासतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, त्या भागातल्यांनी आधी तिथे जरूर विचारावं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दुकानात येणारी एक कॉलेजची मुलगी हसली तेव्हा तिच्या दोन दातांभोवती बारीक रबर दिसलं. मोबाइलवर बघून स्वतःच लावलं होतं. तिला मी तसंच उठवून दवाखान्यात पाठवलं. दात हिरडीत शिरला की खाली निमुळता होत जातो. नुसतं अडकवलेलं रबर त्यामुळे हळूहळू हिरडीच्या आत सरकतं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात जातं. धडधाकट पुढचे दात अशाने हलायला लागून पडल्याची उदाहरणं आहेत. तिचं वेळेत निघालं. तुमच्या घरात कुणी मुलं हे करत असतील तर आजच थांबवा.

माझ्या लेकीचं प्रकरण याच्या अगदी उलट. ती तिसरीत, पुढचे दोन मोठे दात पंख्यासारखे फाकून आलेले, मध्ये फट. शेजारपाजारचे म्हणू लागले, आईचंच आलंय, हिलाही लगेच तारा लावून टाका. मॅडमनी एक मोठा एक्स-रे काढला. दोन दातांच्या मध्ये हाडात एखादा जादा दात लपलेला नाही ना, हे आधी बघायचं होतं. कधी कधी असतो, आणि तो काढल्याशिवाय फट बुजत नाही. तिला नव्हता. वर हाडात येऊ घातलेले सुळे शेजारच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, म्हणून दातांची टोकं बाहेर फाकतात. ब्रॉडबेंट नावाच्या डॉक्टरांनी १९३७ मध्येच हा टप्पा वर्णन करून ठेवला आहे. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेक वेळा आपोआप मिटते. तिचे शेजारचे दात रुंदीला ठीक आहेत, माझ्यासारखे बारीक नाहीत. म्हणून काही करायचं नाही, वर्षातून एकदा दाखवायचं. दुधाच्या दातांत फटी असतील तर उलट चांगलंच. मागून येणारे दात मोठे असतात, त्यांना ती जागा लागते.

आता आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे दात साठीपर्यंत एका ओळीत होते. मग वरचे पुढचे दात हळूहळू पुढे यायला लागले, मध्ये फट पडली, वाढत गेली. त्या म्हणायच्या, "वय झालं की दात विरळ होतातच की." सगळं घर तेच म्हणायचं. मला मात्र मॅडमचा तो प्रश्न आठवला: पूर्वीपासून आहे की वाढतेय? मोठेपणी नव्याने पडलेली फट ही वयाची खूण नाही, ती हिरड्यांच्या आजाराची खूण असू शकते. आपण त्याला पायोरिया म्हणतो.

आत्यांना मिश्रीची सवय लग्नाच्या आधीपासूनची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची, सकाळी आणि दुपारी जेवण झाल्यावर बोटाने दातांना लावायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, असं त्यांचं म्हणणं. हिरड्यांतून रक्त कधी आलं नाही, म्हणून हिरड्या चांगल्या आहेत असं त्यांना वाटायचं. हिरड्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मावशी, तंबाखूने हिरडीतला रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून आजार असूनही रक्त दिसत नाही. त्यांनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत तीन मिलिमीटरपर्यंत जाते. आत्यांच्या पुढच्या दातांशी सात. एक्स-रेत मुळाभोवतीचं जवळपास अर्धं हाड गेलेलं. त्यात खालच्या दाढा कधीच्या काढलेल्या आणि त्या जागी काही बसवलेलं नाही, त्यामुळे चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर. आधार कमी, भार जास्त, म्हणून ते पुढे फाकले. रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) नऊ टक्क्यांच्या वर. मधुमेह आहे हे आम्हाला दातांच्या दवाखान्यात कळलं. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

अशा तोंडात कुणी थेट तारा लावल्या असत्या, किंवा दोन कॅपा बसवून फट झाकली असती, तर काय झालं असतं याचा विचार करूनच अंगावर काटा येतो. आजार चालू असताना दात सरकवले की उरलेलं हाडही जातं. म्हणून आधी मुळापर्यंतची सफाई, टप्प्याटप्प्याने, भूल देऊन. सोबत साखरेची औषधं, आणि मिश्री बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. आत्यांनी डबी फेकली नाही, माझ्याकडे दिली, आणि मी ती दुकानात नेऊन ठेवली. दुपारच्या वेळी त्या बेचैन व्हायच्या, तेव्हा बडीशेप देत होतो. काही दिवस चिडचिड फार झाली. आम्हीही सगळ्यांनी ती सोसली.

काही महिन्यांनी हिरड्यांची सूज उतरली आणि फट न ओढता, न बांधता थोडी कमी झाली. आतल्या सुजेचा रेटा गेला की असं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. हिरड्या शांत राहिल्या तर अगदी हलक्या जोराच्या तारा लावून उरलेली फटही मिटवता येईल, वय आड येत नाही, असंही म्हणाले. आत्यांनी तारा नको म्हटलं. पुढचे हलणारे दात मागच्या बाजूने फायबरच्या पट्टीने एकमेकांना बांधून घेतले आणि दाढा नव्या बसवल्या. फट थोडी दिसते. त्यांना तिचं काही वाटत नाही, आणि मलाही नाही.

दर तीन महिन्यांनी सफाईला जातो. सळई घालून मोजताना डॉक्टर सहायकाला आकडे सांगत जातात, ती लिहून घेते. आत्या डोळे मिटून ऐकत असतात. खुर्चीतून उतरल्या की पहिला प्रश्न त्यांचाच, "पुढच्याचा आकडा किती?" गेल्या वेळी पाच होता. या वेळी चार.